सकाळी शांत, दुपारी खडखड: शर्यतीच्या गाडीत परत परत येणारे नॉकिंग आणि इंधनाची निवड

हौशी शर्यतींत गाडी उतरवणाऱ्या मुंबईकरांकडून दर मोसमात एकच तक्रार ऐकू येते. सकाळच्या सरावात इंजिन स्वच्छ चालते. दुपारच्या फेरीत तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. स्पार्कचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दोन अंश मागे घेतले की आवाज जातो, त्याबरोबर थोडी ताकदही जाते, आणि पुढच्या स्पर्धेला तोच आवाज पुन्हा हजर होतो. मग कोणी प्लग बदलतो, कोणी ऑक्टेन बूस्टरची बाटली ओततो, कोणी थेट पंपावाल्याला दोष देतो. आमच्या गटाच्या १३०० सीसी मारुती एस्टीममध्ये हा प्रकार आम्ही सलग दोन मोसम भोगला आणि शेवटी एका पिस्टनची कड गमावल्यावर मुळाशी गेलो. इंधन हा ट्यूनचाच एक भाग असतो, ही साधी गोष्ट आम्ही लक्षात घेतली नव्हती. इंधन बदलले आणि ट्यून तसाच ठेवला, तर दोष परत येणारच.

सर्वप्रथम तो आवाज खरोखर नॉकिंगचाच आहे याची खात्री करावी. नॉकिंग म्हणजे स्पार्कने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच, कडेला उरलेले मिश्रण वाढलेल्या दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटणे. त्या धक्क्याने सिलिंडरमधील वायू ठरावीक स्वरात कंप पावतो आणि तो स्वर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. आमच्या इंजिनाचा व्यास ७४ मिलिमीटर असल्याने तो सुमारे ७.७ किलोहर्ट्झ येतो. नॉक सेन्सर निवडताना किंवा हेडफोनवर ऐकताना हा आकडा उपयोगी पडतो. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते आणि भार कमी केला तरी टिकून राहते, तर नॉकिंग भाराखाली उमटते आणि थ्रॉटल सोडताच नाहीसे होते. सैल झालेले एक्झॉस्टचे शील्डही हुबेहूब असाच आवाज काढते, म्हणून ते आधी हाताने हलवून पाहावे.

आवाजापेक्षा भरवशाची साक्ष प्लग देतो. पूर्ण थ्रॉटलवर फेरी मारून, इंजिन आयडलवर न रेंगाळू देता बंद करावे, गाडी ढकलत पिटमध्ये आणावी आणि प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडे भिंगाने पाहावे. तिथे मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण दिसले, तर नॉकिंग चालू आहे आणि पिस्टनचा धातू उडू लागला आहे, असे समजावे. अशा वेळी त्या दिवसाची पुढची फेरी सोडून द्यावी. हेल्मेटमधून आणि उघड्या एक्झॉस्टच्या गोंगाटातून चालकाला नॉकिंग ऐकू येतेच असे नाही. आमचा पिस्टन गेला त्या दिवशी चालकाने काहीही ऐकले नव्हते.

खात्री झाल्यावरही इंधनाकडे वळण्याआधी चार गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण त्या बिघडलेल्या असतील तर कोणतेही इंधन पुरे पडत नाही. टायमिंगची खूण असलेली पुली रबरवर सरकलेली असू शकते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आला आहे हे डायल गेजने तपासल्याशिवाय टायमिंग लाइटवर विश्वास ठेवू नये. प्लग रस्त्यावरच्या गाडीचाच असेल, तर एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग घ्यावा. एनजीकेच्या क्रमांकांत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे ६ च्या जागी ७. क्रँककेसमधून तेलाची वाफ सेवनमार्गात येत असेल, तर ती मिश्रणाचे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सहन करण्याची क्षमता, खाली ओढते, म्हणून मध्ये कॅच कॅन, म्हणजे तेल अडवणारा डबा, बसवावा. आणि कूलंटमध्ये हवा अडकलेली असेल, तर गेजवरचे तापमान योग्य दिसूनही हेडचा एखादा कोपरा तापत राहतो.

इंजिन किती ऑक्टेन मागते

हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, घासून घेतलेल्या गाड्यांत कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पटीने दाबले जाते त्याचा, खरा आकडा बहुतेकांना माहीत नसतो. ज्यांनी आमचे हेड घासले त्यांनी ‘साडेदहाच्या आसपास असेल’ असे सांगितले होते आणि आम्ही ते तसेच मानले. पुढे हेड उतरवल्यावर ब्युरेटने चेंबर मोजला. ७४ मिलिमीटर व्यास आणि ७५.५ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ३२४.७ सीसी. पिस्टन वर असताना उरणारी जागा, म्हणजे चेंबर, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खळगा धरून, ३३.२ सीसी भरली. दोन्हींची बेरीज करून ३३.२ ने भागले, तर उत्तर १०.८ येते. साडेदहा आणि १०.८ यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण मे महिन्यातल्या दुपारी इंजिन काठावर उभे असताना तो क्षुल्लक राहत नाही. ज्यांनी हेड घासून घेतले आहे, त्यांनी हे मोजमाप एकदा करावेच. त्यासाठी लागते ती ब्युरेट, ॲक्रिलिकची एक चकती आणि थोडे ग्रीस. ब्युरेट आणि मापाची नळकांडी प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात.

सकाळ आणि दुपार यांतला फरक कुठून येतो, हेही याच आकड्यावरून कळते. मिश्रण दाबले जाताना त्याचे तापमान केल्व्हिनमध्ये गुणले जाते, आणि १०.५ च्या आसपासच्या कॉम्प्रेशनला तो गुणक साधारण सव्वादोन असतो. याचा अर्थ असा, की बॉनेटखालची हवा सकाळपेक्षा दुपारी २० अंशांनी अधिक गरम असेल, तर दाबण्याच्या शेवटी मिश्रण सुमारे ४५ अंशांनी अधिक गरम होते. तेवढ्याने नॉकिंगची सीमा ओलांडली जाते. रेडिएटरमागची गरम हवा ओढणारा उघडा फिल्टर काढून बंपरजवळून थंड हवेची नळी घेतली, तर जो फायदा मिळतो तो बूस्टरच्या कोणत्याही बाटलीत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

समुद्रसपाटीचाही इथे मोठा वाटा आहे. मुंबईत स्वतःचे कायमस्वरूपी रेस सर्किट नसल्याने इथले अनेक जण घाट चढून लोणावळ्याकडे गाडी चालवून पाहतात. लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ७ टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी चढतो आणि इंजिन कमी ऑक्टेनवर गप्प राहते. तीच गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवर, उतरवली की खडखडू लागते. कोईंबतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्याने या दोहोंच्या मध्ये पडतो. म्हणून टायमिंगची अंतिम परीक्षा मुंबईतच, दुपारच्या उन्हात घ्यावी. घाटावर घेतलेली परीक्षा फसवी ठरते.

पंपावर नेमके काय मिळते

ऑक्टेनचा आकडा दोन प्रकारे मोजला जातो. रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन, ६०० आरपीएमवर आणि ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेवर मोजतात. मोटर ऑक्टेन, म्हणजे एमओएन, ९०० आरपीएमवर आणि १४९ अंशांपर्यंत तापवलेल्या मिश्रणावर. पंपावर लिहिलेला असतो तो आरओएन. पूर्ण थ्रॉटलवर मिनिटामागून मिनिटे फिरणाऱ्या, गरम हवा ओढणाऱ्या जुन्या धाटणीच्या टर्बोविरहित इंजिनाला मात्र एमओएनचीही तितकीच गरज असते, आणि इथेच इथेनॉलचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. इथेनॉलचा आरओएन १०८-१०९ च्या घरात असला तरी एमओएन ९० च्या आसपासच असतो. त्यामुळे इथेनॉल मिसळून पेट्रोलचा आरओएन जितका वर जातो, तितका एमओएन जात नाही.

आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, म्हणजे ई२०, फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत सर्वत्र पसरले. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलसाठी किमान आरओएन ९१ होता. ई२० साठी तो ९५ आहे. ही जमेची बाजू मान्य करायला हवी, कारण जे इंजिन पूर्वी ९१ वर खडखडत असे, ते आज साध्या ई२० वर शांत चालू शकते. त्याच वेळी, ‘९५’ असे लिहिलेले महागडे पेट्रोल घेतल्याने साध्या ई२० पेक्षा ऑक्टेनमध्ये मोठी उडी मिळेल, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. त्यातील डिटर्जंटचा इंजेक्टरना उपयोग होतो, पण तो वेगळा विषय आहे. खरी उडी १०० ऑक्टेनच्या पेट्रोलला आहे. इंडियन ऑइलचे एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत प्रथम आले, त्यांत मुंबई आणि पुणे ही दोन्ही होती. ते सर्व पंपांवर मिळत नाही, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी पंपावर फोन करून साठा आहे का हे विचारून घ्यावे.

पण आपल्या टाकीत जे पडले आहे त्यात इथेनॉल किती, हे नावावरून ठरवू नये. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या नळकांड्यात १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घ्यावे, वरून १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे, बूच लावून नीट हलवावे, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडावी आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. ९० मिलिलिटर ई२० मध्ये १८ मिलिलिटर इथेनॉल असते, म्हणून थर २८ च्या आसपास येतो. इथेनॉल नसेल तर तो १० वरच राहतो. पद्धत प्रयोगशाळेइतकी काटेकोर नाही, पण शर्यतीसाठी पुरेशी आहे. चाचणी उघड्यावर, ठिणगी आणि सिगारेटपासून दूर करावी. भेसळीचा संशय असेल, तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा आणि घनतेचा आकडा पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. १५ अंशांना मोजलेली घनता नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक सरकलेली असेल, तर ते पेट्रोल घेऊ नये.

दोष परत का येत होता

आमचा मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधन आणि टायमिंगचा तक्ता, इथेनॉलविरहित १०० ऑक्टेनवर बसवला होता. पहिल्या स्पर्धेनंतर टाकीत १२ लिटर उरले. दुसऱ्या स्पर्धेच्या आदल्या रात्री ते इंधन मिळाले नाही, म्हणून वर १८ लिटर साधे ई२० भरले. आमच्या मनात हिशेब इतकाच होता, की दोन्ही पेट्रोलच आहेत आणि ऑक्टेन कुठेतरी मध्ये येईल. ऑक्टेनपुरते ते ठीकही होते. पण ३० लिटरमध्ये आता ३.६ लिटर इथेनॉल होते, म्हणजे १२ टक्के, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९ किलो, आणि ई२० ला साधारण १३.५ किलो. उलट बाजूने पाहिले तर तेवढ्याच हवेसाठी ई२० अधिक ओतावे लागते. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहिला, तर मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते.

पूर्ण थ्रॉटलला आम्ही लॅम्डा, म्हणजे नेमक्या लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवेचे प्रमाण, ०.८८ ठेवला होता; हा आकडा चढला की मिश्रण लीन होत जाते. त्याच मॅपवर १२ टक्क्यांच्या मिश्रणाने तो ०.९२ च्या आसपास गेला असणार. पुढच्या एका स्पर्धेला टाकी रिकामी करून निव्वळ ई२० भरले, तेव्हा तो ०.९५ पर्यंत चढला आणि ऑक्टेनही १०० वरून ९५ ला आले. लीन मिश्रण अधिक तापते, तापलेले मिश्रण लवकर स्वतःहून पेटते, आणि त्यात ऑक्टेन कमी. पिस्टनची कड त्याच दिवशी गेली. मधल्या एका स्पर्धेला पुन्हा १०० ऑक्टेन मिळाले होते आणि गाडी उत्तम चालली होती, त्यामुळे आम्ही ‘दोष गेला’ असे समजून बसलो. दोष येत-जात होता, कारण टाकीतले मिश्रण बदलत होते.

रस्त्यावरच्या गाडीत हे सहसा कळत नाही. तिथे ऑक्सिजन सेन्सर सतत वाचन घेतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन वाढवून चूक भरून काढतो; नॉक सेन्सर असेल तर टायमिंगही मागे घेतो. आफ्टरमार्केट ईसीयू बसवलेल्या बहुतेक हौशी गाड्यांत पूर्ण थ्रॉटलला हा सेन्सर ऐकला जात नाही, आणि कार्ब्युरेटरला तर सेन्सर नसतोच. म्हणून लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि गेज ही चैन समजू नये. गेज लॅम्डामध्ये लावावा. १४.७ च्या मोजपट्टीवर लावलेला गेज इथेनॉलच्या मिश्रणावरही पेट्रोलचेच आकडे दाखवतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. लॅम्डा मात्र कोणत्याही इंधनाला तोच अर्थ सांगतो.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी हिशेब जेटचा, म्हणजे इंधन सोडणाऱ्या छिद्राच्या तोटीचा, आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलवरून ई२० वर जाताना इंधन ८ ते ९ टक्के वाढवावे लागते. जेटमधून जाणारे इंधन छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते, म्हणून व्यास साधारण ४ ते साडेचार टक्के वाढवावा: ११० च्या जागी ११५. ई१० वर बसवलेल्या गाडीला त्याच्या निम्मी वाढ पुरते, म्हणजे ११० च्या जागी ११२.५. कमी थ्रॉटलला इंधन देणारा पायलट जेटही त्याच प्रमाणात पाहावा, नाहीतर थ्रॉटल उघडताना इंजिन अडखळते आणि दोष पुन्हा इंधनावर ढकलला जातो.

कोणते निवडावे

माझा सल्ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निराश करतो: जे इंधन प्रत्येक स्पर्धेच्या गावी नक्की मिळेल, त्यावर गाडी बसवावी. कॉम्प्रेशन मूळचेच असेल, टर्बो नसेल आणि गाडी ई२० ला चालणारी असेल, तर साधे ई२० घ्यावे, मॅप किंवा जेट त्यावर बसवावेत आणि उरलेला पैसा टायरवर खर्च करावा. अशा इंजिनात १०० ऑक्टेन ओतल्याने ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सहन करण्याची क्षमता. ती वापरायला वाढीव टायमिंग किंवा कॉम्प्रेशन नसेल, तर ती पडून राहते.

आमच्यासारखे ११ च्या जवळ गेलेले, टर्बोविरहित आणि जुन्या आकाराच्या चेंबरचे इंजिन असेल, तर १०० ऑक्टेनवर मॅप करावा आणि त्याच वेळी ई२० साठी दुसरा मॅप तयार ठेवावा, ज्यात इंधन वाढवलेले आणि टायमिंग मागे घेतलेले असेल. बहुतेक आफ्टरमार्केट ईसीयू दोन मॅप ठेवू देतात. आम्ही डॅशवर एक स्विच बसवला आणि त्याच्या शेजारी कोणत्या मॅपला कोणते इंधन हे रंगाने लिहिले. सध्या आम्ही बहुतेक वेळा ई२० चाच मॅप वापरतो. फेरीमागे किंचित वेळ जातो, पण चार महिन्यांत एकदाही हेड उतरवावे लागलेले नाही.

छोट्या टर्बो इंजिनांचे गणित वेगळे आहे. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता शोषते आणि येणारे मिश्रण थंड करते. विशेषतः थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजिनांना त्यामुळे ई२० चांगले मानवते, मात्र इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप त्यांच्या मर्यादेत आहेत हे लॉगमध्ये पाहावे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० आल्यापासून अनेकांना त्याचा मोह होतो. त्यासाठी आकारमानाने दीडपटीहून अधिक इंधन ओतावे लागते. इंजेक्टर, पंप, नळ्या आणि मॅप सगळेच बदलल्याशिवाय त्याला हात लावू नये.

या सगळ्याच्या आधी आपल्या वर्गाचे नियम वाचावेत. काही वर्गांत आयोजक ठरवून दिलेलेच इंधन वापरावे लागते, काहींत फक्त पंपाचे, आणि स्क्रुटिनीला, म्हणजे गाडीच्या अधिकृत तपासणीला, टाकीतून नमुना काढला जाऊ शकतो. नियमात न बसणारे इंधन ओतून मिळवलेला वेळ रद्द होतो आणि सगळ्या गटाचे नाव खराब होते.

ऑक्टेन बूस्टरबद्दल अनेक जण विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बाटलीवर ‘पाच पॉइंट वाढ’ लिहिलेले असते, तेव्हा पुष्कळदा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग असतो. म्हणजे ९५ चे ९५.५ झाले. फेरोसीनचे बूस्टर प्लगवर लोखंडाच्या गंजाचा तांबूस थर चढवतात, तो थर वीज वाहू देतो आणि पुढे मिसफायर सुरू होतो. टोल्युइनने ऑक्टेन खरोखर वाढते, पण त्याची वाफ फुप्फुसाला आणि मेंदूला घातक आहे, ते जुने रबर खाते आणि प्रत्येक वेळी मिसळण्याचे प्रमाण चुकू शकते. आपला मूळ दोष बदलत्या मिश्रणाचाच आहे, तेव्हा त्यात आणखी एक बदलता घटक घालू नये. विमानाच्या १०० एलएल इंधनात टेट्राइथाइल लेडच्या रूपात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते. ते वाइडबँड सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मारते, आणि शिसे आपल्या व मुलांच्या रक्तात जाते. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले ते याच कारणाने. गॅरेजमध्ये ते परत आणू नये.

ऑक्टेनशी संबंध नसलेला एक जोडदोष

फेरी संपवून गाडी पॅडॉकमध्ये उभी केली, दहा मिनिटांनी ती सुरू होत नाही, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, अशी तक्रारही इंधनाच्या नावावर जमा होते. हा व्हेपर लॉक असतो: गरम इंजिनाशेजारच्या नळीत किंवा कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल उकळते आणि पंप वाफ ढकलत बसतो. अधिक ऑक्टेन घेऊन तो जात नाही. टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन, एक्झॉस्ट आणि नळी यांमध्ये पत्र्याचा आडोसा, आणि कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर एवढ्याने तो बहुधा थांबतो.

जुन्या गाडीत ई२० पहिल्यांदा भरल्यावर आणखी एक गोष्ट घडते. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षे साठलेला चिकट गाळ सोडवते, तो फिल्टरमध्ये अडकतो, दाब पडतो आणि मिश्रण लीन होते. म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलावाच. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या आतून मऊ होतात. त्यांच्या जागी जे३०आर९ असा इंधन-नळीचा दर्जा छापलेली नळी घ्यावी, आणि टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेल्या जागी, आर१० दर्जाचीच वापरावी. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेत असाल, तर नळीवरची छपाई स्वतः वाचूनच घ्यावी.

ने-आण आणि पावसाळा

स्पर्धेसाठी इंधन बरोबर नेताना पेट्रोलियम अधिनियम १९३४ ची मर्यादा ध्यानात ठेवावी: परवान्याशिवाय, विक्रीसाठी नसलेले, ३० लिटरपर्यंत. ते झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या जेरी कॅनमध्ये न्यावे, पाण्याच्या किंवा तेलाच्या प्लॅस्टिक डब्यात नाही. कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर वीज जमिनीत उतरते. लोकलने किंवा रेल्वेने पेट्रोल नेणे बेकायदा आहे आणि शेजारच्या प्रवाशाच्या जिवावर बेतणारे आहे. प्रत्येक कॅनवर पट्टी चिकटवून भरल्याची तारीख, पंप आणि नळकांड्यात मोजलेले इथेनॉलचे प्रमाण लिहावे. टाकीत उरलेल्या इंधनावर दुसरे इंधन ओतायचे नाही, हा आमच्या गटाचा आता एकमेव न मोडणारा नियम आहे. स्पर्धा संपली की टाकी पंपाने कॅनमध्ये रिकामी होते आणि पुढच्या वेळी ती कोरडी असतानाच भरली जाते.

जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी राहते तेव्हा मुंबईची दमट हवा टाकीच्या व्हेंटमधून आत शिरते. इथेनॉल पाणी ओढते. ते पाणी पचवण्याच्या पलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो आणि वर उरलेले पेट्रोल ऑक्टेनमध्ये पूर्वीपेक्षा हलके पडते. ऑक्टोबरात पहिल्यांदा स्टार्टर मारला, की पंप तळाचा तो थर ओढतो, इंजिन अडखळते, आणि पुढे वरचे कमकुवत पेट्रोल आले की खडखड सुरू होते. आमच्या पहिल्या मोसमाची सुरुवात नेमकी अशीच झाली होती. म्हणून पहिला पाऊस पडण्याआधीच टाकी, नळी आणि कार्ब्युरेटरचा बाउल पूर्ण रिकामा करावा. त्यात काहीही मिसळलेले नसेल, तर ते पेट्रोल त्याच आठवड्यात रोजच्या वापरातल्या गाडीत, तिच्या भरलेल्या टाकीत थोडे थोडे करून, संपवून टाकावे. पावसाळ्यानंतर नवे भरताना पहिल्या लिटरचा नमुना नळकांड्यात तपासावा, फिल्टर उलटा करून त्यातले थेंब काचेच्या वाटीत पाहावेत, आणि तळाशी पाण्याचा एकही मणी दिसत नसेल तरच स्टार्टरला हात लावावा.